पिवळी खूण

तुम्ही दोघं फोनवर विचारता, आजोबा कसे आहेत, आणि मी "बरे आहेत" म्हणते. फोनवर ते शेजारीच बसलेले असतात. म्हणून हे लिहिते आहे.

पडेगावच्या शेडमधलं आजोबांचं यंत्र तुम्हाला आठवत असेल. इंजिनाचा फिरणारा भाग त्यावर चढवायचा. कुठली बाजू जड आहे ते यंत्र सांगतं आणि आजोबा तिथं ड्रिलनं चिमूटभर लोखंड काढतात. या नवरात्रात पुण्याहून एका शर्यतीच्या गाडीचं काम आलं. क्लच जळला होता आणि फ्लायव्हील, म्हणजे इंजिनामागचं जड चाक, तडकलं होतं. मालकानं या दोन्हींच्या नव्या जोडीबरोबर जुनीही पाठवली होती.

"जुनी कशाला?" मी विचारलं.

"या इंजिनाचं चाक मुद्दाम एका अंगाला जड ठेवलेलं असतंय. जुनी जोडी किती जड न् कुठं, ते बघायचं. नव्या जोडीत तेवढंच, तिथंच ठेवायचं. नाय तर गाडीत बसणाऱ्याचे दात वाजतील."

मोजण्याआधी मधली जळकी तबकडी काढावी लागते. त्यासाठी क्लच चाकावरून उतरवायचा आणि होता तसाच परत बसवायचा. तो तीन तऱ्हांनी बसू शकतो. म्हणून खोलण्याआधी दोन्हींवरून रंगाची एक रेघ ओढतात. आजोबांनी अष्टमीच्या संध्याकाळी जोडी खोलली आणि काम थांबवलं, कारण दुसऱ्या दिवशी खंडेनवमी होती. त्या दिवशी आपल्याकडे हत्यार चालवत नाहीत, धुऊन पुजतात.

धुण्याचं काम माझं. शेडमधल्या प्रत्येक लोखंडावर गेल्या वर्षीच्या हळदीचे डाग असतात आणि मला जुन्या हळदीवर नवी हळद लावलेली खपत नाही. रॉकेलचा बोळा घेऊन मी सगळं लख्ख केलं. त्या चाकावर आणि क्लचवर पिवळं काहीतरी होतं. बोटाला जरा चिकट लागलं. तेलात मळलेली हळद असेल, असं वाटलं.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी मी डबा घेऊन शेडमध्ये गेले, तर आजोबा दोन्ही तुकडे मांडीवर घेऊन बसले होते.

"मी खूण न करताच खोललं," ते म्हणाले. "असं कसं खोललं मी?"

त्यांच्या थोरल्या भावाचं शेवटी काय झालं, ते तुमच्या आईनं तुम्हाला सांगितलं असेल. स्वतःच्या दारात उभे राहून ते विचारायचे, हे घर कुणाचं. तेव्हापासून आजोबांना दुसरी कशाची भीती नाही. चष्मा सापडला नाही तरी त्यांचा चेहरा उतरतो.

मी पुसलेलं ते पिवळं काय होतं, ते मला त्याच क्षणी कळलं. आणि मी काय केलं? डबा उघडला, भाकरी वाढली. आयुष्यभर मी त्यांच्या पसाऱ्यावर बोलत आले. माझ्या हातून असं झालं हे तोंडातून निघेना. ते जेवले नाहीत. हात धुतले आणि म्हणाले, "उद्या शेडला कुलूप लावू. ज्याला खूण करायची आठवण राहत नाय, त्यानं दुसऱ्याच्या इंजिनाला हात लावू नये. हे दादासारखंच चाललंय."

तेव्हा मी सांगितलं. मी त्यांच्या रागावण्याची वाट बघत होते.

"म्हणजे मी केली होती?"

"केली होती. पिवळी. मीच पुसली."

"हळद म्हणून?" आणि ते हसायला लागले. "मास्तरीणबाई, एवढं शिकून तुम्हाला रंग न् हळद कळंना." मग त्यांनी भाकरी मागितली.

आता क्लच कसा बसला होता, हे कळायला मार्ग नव्हता. इंजिन उघडून आतला क्रँक, म्हणजे हे चाक ज्यावर बसतं तो दांडा, पाठवला, तरच सगळं एकत्र चढवून तोलता येणार होतं. मालकाला फोन मी केला, चूक माझी म्हणून सांगितलं. त्याची शर्यत हुकणार होती. तो म्हणाला, "काकू, खरं सांगा, काका ठीक आहेत ना?"

"ठीक आहेत," मी म्हणाले.

क्रँक आला. आजोबांनी दोन दिवस खपून नवी जोडी त्याच्यावर तोलली. गाडी नीट चालते, असा निरोप आला, तो मी त्यांना दोनदा वाचून दाखवला.

त्यानंतरच्या सोमवारी मी पोहे परतत होते. आजोबा स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभे राहिले. चेहरा तोच, शेडमधला.

"मी खूण न करताच खोललं होतं ना, ते पुण्याचं?"

मी गॅस बंद केला. "केली होती तुम्ही. मी पुसली."

"हळद म्हणून?" ते म्हणाले आणि पहिल्यांदा ऐकल्यासारखे हसले.

आज सकाळी त्यांनी चौथ्यांदा विचारलं. डॉक्टरांची वेळ घेतली आहे, पण त्यांना अजून सांगितलेलं नाही. रविवारी तुम्ही फोन कराल तेव्हा ते तुम्हालाही विचारतील. तेव्हा थांबू नका, एकमेकांकडे बघू नका. लगेच सांगा, आजोबा, तुम्ही खूण केली होती, आजीनं पुसली.