नलिनीताईंचं जुनं डच

पुण्याहून परत आले तेव्हा दाराच्या आत टपालाचा ढीग पडला होता. सुपरमार्केटची जाहिरातपत्रकं, करखात्याचं निळं पाकीट, आणि त्या सगळ्याखाली करड्या किनारीचं एक पांढरं पाकीट. नेदरलँड्समध्ये काही वर्षं काढली की ती किनार लांबूनही ओळखू येते. माणूस गेल्याची बातमी इथे अजून पोस्टानं येते. आत छापील कार्ड होतं. ‘माझी आई, नलिनी साठे...’ खाली मुक्ताचं नाव, आणि अंत्यविधीची तारीख, जी उलटून गेली होती. मी कोट न काढता जिन्याच्या पायरीवर बसले. या देशात ज्या माणसाशी मी सगळ्यात जास्त मराठी बोलले ते माणूस गेलं होतं, दहन झालं होतं, इथल्या रीतीप्रमाणे जमलेल्यांची कॉफी आणि केकही झाला होता, आणि त्या दिवशी मी बहुधा कोथरूडात आईबरोबर आंबे निवडत होते...

नलिनीताईंची आणि माझी ओळख अ‍ॅमस्टेलव्हीनच्या एका सुपरमार्केटमध्ये झाली. मी नवीन होते, नवरा दिवसभर ऑफिसात, आणि मला डचमधलं ‘धन्यवाद’ तेवढं येत होतं. माझ्या पुढे सुती साडीवर जाड कोट घातलेल्या एक बाई अस्खलित डचमध्ये काही बोलल्या आणि गल्ल्यावरची मुलगी खुदकन हसली. बाई रागावल्या नाहीत. माझ्याकडे वळून म्हणाल्या, “मराठी ना तू? ती का हसली सांगू? मी तिला म्हटलं, ‘कन्यके, आपली कृपा होईल तर एक पिशवी मिळावी.’ म्हणजे, तिला तसं ऐकू आलं. माझं डच दीडशे वर्षं शिळं आहे गं.”

त्याच दिवशी मी त्यांच्या घरी चहाला गेले आणि मग जातच राहिले. त्यांचे यजमान रॉटरडॅमच्या बंदरात इंजिनिअर होते. ते जाऊन बरीच वर्षं झाली होती. मुलगी मुक्ता इथेच जन्मली, इथेच वाढली, रॉटरडॅमला वकिली करायची. तासाभराचा रस्ता, पण इथे आईकडे जायचं तरी वही काढून तारीख ठरवतात. “पुढच्या महिन्यात दुसऱ्या रविवारी येते म्हणाली,” नलिनीताई सांगायच्या, आणि त्या रविवारचा स्वयंपाक आठवडाभर आधी मनात करायच्या. आई मराठीत बोलायची, लेक डचमध्ये उत्तर द्यायची. दोघींना एकमेकींचं सगळं कळत होतं. जेवण झालं का, थंडी आहे का, गाडीची सर्व्हिसिंग केली का, एवढंच ते सगळं असायचं.

ते शिळं डच आलं कुठून, तर जुन्या पत्रांतून. यजमान गेल्यावर घर खायला उठायचं, म्हणून त्या हार्लेमच्या बाजूला एका दप्तरखान्यात विनामोबदला काम करायला लागल्या. जुनी हस्तलिखितं वाचून ती टाइप करायची. लहानपणी वडिलांनी त्यांना मोडी शिकवली होती. “ज्याला मोडी वाचता येते त्याला कुणाचंही अक्षर वाचता येतं,” असं त्या म्हणायच्या, आणि त्यांना ते यायचंही. त्यांच्या वाट्याला आली होती एकोणिसाव्या शतकातल्या एका घराण्याची पत्रं. आलेइदा नावाची आई इथल्या एका छोट्या गावात, आणि कोर्नेलिया नावाची लेक लग्न होऊन जावा बेटावर, तेव्हाच्या डच वसाहतीत गेलेली. टपाल महाग, म्हणून आलेइदा कागद आडवा भरला की तो फिरवून त्याच ओळींवर उभं लिहायची. पाहिलं तर नुसती जाळी. नलिनीताई त्या जाळीतून एकेक शब्द सोडवायच्या, आणि मला शेजारणीची खबर द्यावी तसं सांगायच्या. “आज आलेइदाबाईंचा गुडघा फार दुखतोय. आणि कोर्नेलियाची धाकटी नणंद पळून गेली वाटतं, नीट लिहीत नाहीत पण कळतं.”

त्या बाई लेकीला काय काय म्हणायच्या! ‘माझ्या काळजाच्या तुकड्या’, ‘तुझी रिकामी खुर्ची मी रोज पुसते’... नलिनीताईंना त्याचं फार नवल वाटायचं. एकदा त्यांनी कपाटातून स्वतःच्या पणजोबांची मोडी पत्रं काढली. तेही त्याच काळातले, नोकरीनिमित्त इंदूरला राहिलेले. पत्रं सगळी वडिलांच्या नावे, सुरुवात साष्टांग नमस्कारानं. पाऊसपाणी, गाईचं वेत, मुंजीचा मुहूर्त, सगळं त्यात होतं. बायकोचा उल्लेख एकच, ‘घरातील मंडळींची प्रकृती कशी आहे ते लिहावे.’

“हे बघ, मंडळी!” त्या हसत म्हणाल्या. “एकटी पणजी. तिचं नाव अख्ख्या गठ्ठ्यात नाही. प्रेम नव्हतं असं नाही हं. त्याच पत्राबरोबर त्यांनी तिच्यासाठी चंदेरी लुगडं पाठवलंय, पण लिहिलंय ‘आईस द्यावे, ती योग्य ते करील.’ आमच्याकडे असंच. मला आई एकदासुद्धा म्हणाली नाही की तुझी आठवण येते. डोळ्यांत पाणी आलं की म्हणायची, कांदा झोंबला.” आणि जरा थांबून, “मी तरी मुक्ताला कुठे म्हटलंय.”

एका दुपारी त्या न कळवता माझ्याकडे आल्या. छत्री मिटायचंही भान नव्हतं. म्हणाल्या, “कोर्नेलिया गेली गं.” मला क्षणभर वाटलं, ओळखीचं कुणीतरी गेलं. बाळंतपणानंतरच्या तापात ती गेली होती, आणि जावयाचं पत्र जहाजातून इथे पोचायला कित्येक महिने लागले होते. “आणि तोवर ही बाई लिहितेय. दर आठवड्याला. पाकिटांवर टपालाच्या तारखा आहेत ना. तिला माहीतच नाही...” जावयानं ती सगळी पत्रं पुढे सामानाबरोबर परत पाठवली होती. लाखेच्या मोहरा तशाच. आलेइदानं ती कधी फोडली नाहीत, पुढच्या कुणीही नाहीत.

दप्तरखान्यानं ती उघडायचं ठरवलं तेव्हा नलिनीताईंनाही बोलावलं. त्या जाणार नव्हत्या. “मेलेल्या पोरीची पत्रं आपण कोण फोडणार?” असं दोन-तीन दिवस चाललं होतं. शेवटी गेल्या. आल्यावर मी विचारलं, काय होतं त्यांत? “काही नाही,” त्या म्हणाल्या. “प्लमचा मुरंबा यंदा पातळ झाला. बाळाला लोकरीचे मोजे विणलेत. चर्चचं छप्पर गळतंय. आणि शेवटच्यात एवढंच, तू बरेच दिवस लिहिलं नाहीस, माझ्यावर रागावलीस का?” असं म्हणून त्या खिडकीबाहेर बघत बसल्या. समोरच्या कालव्यावर बदकं होती, एक बाई सायकलवरून मुलाला शाळेतून आणत होती. चहा गार झाला तरी त्यांनी कपाला हात लावला नाही.

त्याच आठवड्यात त्यांनी मुक्ताला पहिलं पत्र लिहिलं, डचमध्ये. मुक्ताला देवनागरी वाचता येत नव्हती, हे एक कारण. दुसरं त्यांनीच मला सांगितलं. “मराठीत पेन पुढे जाईना गं. ‘अनेक आशीर्वाद’ लिहिलं की पुढे गाडी प्रकृतीवरच जाते. डचमध्ये आलेइदाबाईंनी शब्द तयार करून ठेवलेत, मी नुसते उचलले.”

पत्र पोचलं त्या संध्याकाळी मुक्ता तारीख न ठरवता आईच्या दारात उभी! आधी तिनं आईच्या कपाळाला हात लावून ताप पाहिला. मग डॉक्टरकडे गेली होतीस का, विसरायला होतं का, असं विचारत राहिली. नलिनीताईंनी थालीपीठ लावलं. ते खाऊन, भांडी घासून ती गेली. “पत्राबद्दल अवाक्षर नाही बघ,” दुसऱ्या दिवशी त्या मला म्हणाल्या. त्यांचा आवाज नेहमीसारखाच होता. मला मात्र त्या दिवशी त्यांच्या घरातून निघवेना.

त्या लिहीत राहिल्या. दर आठवड्याला पोस्टाच्या केशरी पेटीपर्यंत चालत जायच्या, गुडघे दुखायला लागले तरी. मुक्ताचं उत्तर कधी आलं नाही. येणं-जाणं वहीतल्या तारखांप्रमाणेच चाललं. मी कधी विषय काढला तर म्हणायच्या, “पोचतंय ना, पुरे. आलेइदाबाईंचं तेवढंही झालं नाही.” हे त्या खरंच मानत होत्या की मला गप्प करायला म्हणत होत्या, ते मला आजही सांगता येत नाही.

कार्ड मिळाल्यावर मी मुक्ताला फोन केला. फ्लॅट रिकामा करून द्यायचा होता, ती म्हणाली, येऊन जा. गेले तेव्हा भिंती उघड्या झाल्या होत्या, गालिचा गुंडाळून उभा केला होता, आणि मुक्ता खिडकीखाली जमिनीवर बसली होती. आईची सगळी पत्रं तिनं बरोबर आणली होती. का, ते तिलाही सांगता आलं नाही.

“मी उत्तर का दिलं नाही ठाऊक आहे?” ती इंग्रजीत म्हणाली. “मला असलं डच येत नाही. कुणालाच येत नाही. मी लिहायला बसायचे आणि ते ऑफिसच्या मेलसारखं व्हायचं. मग फाडायचे.” पत्रांचा गठ्ठा मांडीवर घेत म्हणाली, “आणि मी वाट बघत होते, की ती हे मराठीत कधीतरी म्हणेल. तोंडानं.”

तिनं वरचं पत्र उघडलं आणि मला कळावं म्हणून वाचता वाचता मराठी करायला लागली. मुक्ताला सलग मराठी बोलताना मी कधीच ऐकलं नव्हतं. अडखळत, क्रियापदं चुकवत ती बोलत होती, पण हेल थेट नलिनीताईंचा, शब्दाच्या शेवटाला किंचित ओढून धरणारा. ‘माझी लाडकी लेक, आज इथे खूप वारा सुटला. तू लहान असताना वाऱ्यात माझा पदर धरायची...’ रिकाम्या खोलीत आवाज घुमत होता. मग एका डच शब्दावर ती थांबली. दूर असलेल्या माणसाविषयी मनाला जे होतं ते, असं तिनं मला समजावलं. “याला मराठीत काय?”

“ओढ,” मी म्हटलं.

तिनं तो शब्द दोनदा तोंडात घोळवला. मग कागदाकडे न बघता, सावकाश म्हणाली, “मला तुझी फार ओढ लागली आहे.” आणि माझ्याकडे बघून, “असं म्हणतात मराठीत?”

“फारसं कुणी म्हणत नाही,” मी म्हटलं. “पण म्हणतात.”

तिनं मान हलवली, आणि पुढची ओळ वाचायला घेतली.