बाहेर ठेवलेली गाठ

“ताई, हे हातकाम नाहीच. मशीनवर मारलंय. तुम्ही आम्हाला फसवताय.”

आमचे एप्रन विकत घेणाऱ्या पुण्याच्या मॅडमचा फोन, स्पीकरवर होता. माझ्या हातात कात्री आणि खडू, म्हणून मीच तसा ठेवलेला. त्याचा मला अजून राग येतो. कारण समोर सतरंजीवर जैतूनचाची बसल्या होत्या, आणि बोलणं चाललं होतं ते त्यांनीच शिवलेल्या एप्रनबद्दल. चाचींनी सुई थांबवली. मान वर केली नाही.

मी धाराशिवला सत्तावीस वर्षं सरकारी शिवणवर्गात शिकवलं. रिटायर झाल्यावर एसटी स्टँडमागं एक हॉल भाड्यानं घेतला आणि नऊ बायकांना घेऊन एप्रन शिवायला लागले. स्वयंपाक करताना अंगावरचे कपडे खराब होऊ नयेत म्हणून पुढं बांधतात, ते एप्रन. आमचे व्हिंटेज स्टाइलचे, म्हणजे आजीच्या काळातले वाटावेत असे. खाली झालर, मागं लांब बंद, आणि छातीवरच्या चौकोनाला गोधडीचं काम. धुऊन धुऊन मऊ झालेल्या इरकल लुगड्याचे तीन थर एकावर एक ठेवायचे आणि त्यावर धावदोरा घालायचा. धावदोरा म्हणजे साधा टाका, सुई खाली-वर, खाली-वर. दिसायला सोपा. एका मापात, सरळ रेषेत वीतभर घालून दाखवा, मग बोलू.

चाची तेरहून एसटीनं येतात. वय सत्तरीच्या पुढं. खडूची रेघ नाही, पट्टी नाही. आयुष्यभर गावातल्या लोकांच्या गोधड्या शिवल्या. त्यांचा टाका ज्वारीच्या दाण्याएवढा, पहिला जेवढा तेवढाच शेवटचा. साठ एप्रनच्या त्या ऑर्डरमधले वीस चौकोन त्यांचे होते. नेमके तेच वीस पुण्याच्या मॅडमनी बाजूला काढले.

“मॅडम, मशीनची शिवण सलग असते. इथं टाक्याटाक्यात जागा आहे. दिसतंय की ढळढळीत.”

“आता हॅन्ड-लूक मशीन आलीत ताई. जागा सोडून शिवतात. माझी चेकिंगची मुलगी म्हणते, माणसाचा हात इतका सरळ चालूच शकत नाही.”

काय म्हणावं या चेकिंगवाल्या पोरीला! हिनं कधी हातानं शिवलेली गोधडी अंगावर घेतली नसेल, आणि ही माणसाचा हात कुठवर चालतो ते ठरवणार. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण ऑर्डर मॅडमची. सगळा लॉट होल्डवर. “गुरुवारी मी सोलापूरला आहे, तिथून येते. समोर बघू,” म्हणाल्या आणि फोन ठेवला.

“बाई,” चाची म्हणाल्या, “मला मशीनवर पाय बी मारता येत न्हाय. तुमाला ठावं हाय ना?”

“ठावं आहे चाची. तुम्ही कशाला मनावर घेता?”

असं म्हणाले खरी. पण दुपारी बायका डबे खायला गेल्या तेव्हा मी चाचींचं त्या दिवशीचं काम उचललं, खिडकीशी नेलं आणि उलटं करून बघितलं. हॅन्ड-लूक मशीनची शिवण पुढून हातासारखी दिसते, मागून नाही. चाचींचं काम दोन्हीकडून सारखं होतं. मागं वळले तर चाची दारात उभ्या. हात धुऊन आलेल्या, पदराला पुसत होत्या.

“घावलं का काय, बाई?”

मी काहीतरी थातुरमातुर बोलले. काय ते आता आठवतही नाही.

गुरुवारी मॅडम आल्या. वीसच्या वीस एप्रन टेबलावर टाकले. फोनच्या कॅमेऱ्यात मोठं करून टाके बघायला लागल्या. मी मागची बाजू दाखवली. “हम्म,” म्हणाल्या. परत पुढची बघितली. परत “हम्म.” नऊ बायका हातातलं काम टाकून बघत होत्या.

चाची उठल्या. टेबलावरचा एक एप्रन ओढला. माझ्यापुढं हात केला. “कात्री द्या.”

इथं एक सांगायला पाहिजे. मशीनच्या शिवणीत दोन दोरे एकमेकांत अडकलेले असतात. एक टोक ओढलं तर कापड चुणतं नाहीतर दोरा तुटतो. धावदोऱ्यात दोरा एकच. त्याची गाठ थरांच्या आत दडवलेली असते. ती गाठ कापली आणि दुसऱ्या टोकानं ओढलं की अख्खा दोरा अलगद बाहेर येतो. पण ती ओळ गेली ती गेलीच.

चाचींनी गाठ शोधून कापली आणि ओढलं. हातभर दोरा निघाला, टाक्याटाक्याला वळ पडलेला. तो मॅडमपुढं ठेवला. दुसरी ओळ. तिसरी.

“बास बास, आंटी! पटलं मला.”

चाची थांबल्या नाहीत. पूर्ण चौकोन उसवला. दीड दिवसाचं काम. तीन थर सुटे झाले, शेजारी दोऱ्यांचा ढीग. मग जागेवर जाऊन बसल्या.

“अमेझिंग!” मॅडम म्हणाल्या. “आंटी, तुमच्या हातांचा एक फोटो घेऊ? आणि ताई, पुढच्या लॉटला थोडं वाकडं शिवाल का? म्हणजे नॅचरल वाटेल. कस्टमरलाही विश्वास बसला पाहिजे ना.”

माझं डोकंच फिरलं. “फोटो ठेवा तुमचा खिशात! तुम्ही या बाईला सगळ्यांसमोर चोर म्हणालात. आधी माफी मागा. आणि वाकडं पाहिजे असेल तर दुसरीकडं जा. माझ्या हॉलमधे वाकडं शिवलं तर मी उसवायला लावते.”

मॅडम चाचींना “सॉरी हां आंटी” म्हणाल्या. म्हणताना फोनचा कॅमेरा बंद करत होत्या. एकोणीस एप्रन घेऊन गेल्या. उरलेल्या एकाचं काम परत आमच्याच गळ्यात.

चाचींनी तो चौकोन परत शिवला. तसाच, सरळ. फक्त गाठी आत दडवल्या नव्हत्या. प्रत्येक ओळीची गाठ वर, उजेडात, मोहरीएवढी.

“चाची, गाठी बाहेर राहिल्या. कच्चं काम दिसतं.”

“राहू द्या, बाई. ज्याला शंका येईल त्यानं कापावी अन् वढून बघावं.” दोरा दातानं तोडून म्हणाल्या, “तुमाला बी खिडकीपर्यंत जावं लागायचं न्हाय.”

त्याला आता वर्ष होईल. मॅडमच्या ऑर्डरी येतात, त्यांनी गाठींबद्दल कधी विचारलं नाही. सत्तावीस वर्षं मी मुलींना शिकवलं, काम तपासायचं तर उलटं करून बघा. बाकीच्या आठजणींचं अजून तसंच बघते. चाचींचं काम आलं की घडी घालून ठेवून देते. गाठी त्या अजूनही बाहेरच ठेवतात.