दोरीचा धोटा

ठाण्यात तळ्याच्या काठाने शाळेकडे जाताना एक विणकर मला रोज दिसे. त्याचं नाव मी कधी विचारलं नाही. तो रेशमी काठाची लुगडी विणी. हातभर कापड झालं की काठावरून हळूच अंगठा फिरवी आणि स्वतःशीच मान हलवी.

विलायती कापड स्वस्त झालं, तसे त्याच्या आळीतले माग एकेक करून बंद पडले. याने मात्र आपला माग खोलून नव्याने बसवला. आता आडवा धागा नेणारा धोटा हाताने फेकावा लागत नसे, दोरी ओढली की तो आपणच पळे. काम दुपटीने उरकू लागलं. एका सकाळी तो दोरी सोडून मला म्हणाला, "मास्तर, मी कितीबी पळालो तरी ती विलायतेची बोट माझ्याआधीच पोचते."

थोड्याच दिवसांत माग मोडून तो मुंबईच्या गिरणीत गेला.

पुढे एकदा तो ठाणे स्टेशनवर भेटला. बायकोला न्यायला आला होता. मी गिरणीचं विचारलं.

"कापड भराभर निघतं. आता विलायतेलाबी आपण जड जाऊ," तो अभिमानाने म्हणाला. मग आवाज उतरला. "पण त्यातलं माझं कुठलं, ते मला वळखता येत नाही."

गाडी आली. बायको डब्यात चढली. तो फलाटावरच आळीच्या दिशेने बघत उभा राहिला.

"चला आता," ती हळूच म्हणाली. "तिकडं आपलं काय राहिलंय?"

तेव्हा तो चढला.