खासदारांना प्रश्न कोण विचारणार

सुनंदाताईंच्या समोरचं दार माझं. त्यामुळे त्यांच्या पोटात दुखायला लागलं, की त्यांच्या घरच्यांच्या आधी मला कळतं. गेलं वर्षभर ते दुखतंय, आणि कारण एकच, दुसऱ्या मजल्यावरची गौरी.

ताई मूळच्या राजापूरकडच्या. लग्न होऊन सिल्वासात आल्या आणि इथल्याच मराठी शाळेत नागरिकशास्त्र शिकवून रिटायर झाल्या. टोकरखाड्यातल्या आमच्या सोसायटीत कुणाला सरकारी नोटीस आली की ती आधी ताईंच्या हातात जायची. झेंडावंदनाला भाषण ताईंचं, गणपतीत आभार ताईंनी मानायचे. गुजराती बायकासुद्धा म्हणायच्या, सुनंदाबेनला विचारा. बाई फटकळ आहे, पण कुणाचं काम कधी अडू दिलं नाही तिनं, हे मी कुठेही सांगेन.

मग गौरी राहायला आली. धुळ्याकडची, बोलायला गोड, वयानं ताईंच्या मुलीएवढी. तिचा नवरा वाल्मिक गलोंड्याच्या एका कारखान्यात कंत्राटावर. कंत्राटी कामगारांबद्दलचं कसलंसं विधेयक दिल्लीत मंजूर झालं, तेव्हा गौरीनं मोबाईलवर शोधाशोध करून सोसायटीच्या ग्रुपवर टाकलं, की आपल्या खासदारांनी त्याच्या बाजूनं मत दिलंय. आता आमचा केंद्रशासित प्रदेश, त्यामुळे विधानसभा नाही, आमदार नाही. दिल्लीतला एक खासदार, तेवढाच काय तो आपला. तो तिथे जाऊन काय करतो, हे इतक्या वर्षांत आमच्यापैकी एकानंही बघितलं नव्हतं. सगळे चाट पडले. पुढे अधिवेशन आलं की गौरीचा मेसेज ठरलेलाच, या विधेयकाच्या बाजूनं, त्या विधेयकाच्या बाजूनं. खाली अंगठ्यांची रांग.

ताईंनी एकदाही अंगठा दिला नाही. मेसेज मात्र सगळ्यात आधी त्याच वाचायच्या. मला विचारायच्या, ही पोरगी शिकली तरी किती गं? मी म्हटलं, बी.ए. त्यावर नाक मुरडून म्हणाल्या, विषय कुठला ते विचार. सुरंगीहून भाजी घेऊन येणारी सरुबाई आधी ताईंच्या दारात टेकून सरकारच्या गोष्टी विचारायची. एक दिवस तिनं जिन्यातूनच वर हाक मारली, गौरीबेन, दिल्लीत काय झालं गं? झालं. ताईंनी तिची भाजी बंद केली आणि महिनाभर बाजारातून पिशव्या ओढत आणल्या. गुडघे दुखले तरी ऐकलं नाही.

अशात खबर आली, की खासदार आमच्या भागात लोकांना भेटणार आहेत, आणि प्रत्येक सोसायटीतल्या एका माणसानं एकच प्रश्न विचारायचा. आधीचे दिवस असते तर कोण जाणार हे ठरवायला मीटिंगच लागली नसती. पण आता ज्याच्या त्याच्या तोंडी गौरीचं नाव. ताईंचा नुसता जळफळाट. मला म्हणाल्या, आयुष्यभर पोरांना लोकसभा मी शिकवली, आणि प्रश्न विचारायला ती जाणार? बाईच्या डोळ्यांत पाणी होतं. तेव्हा मला कळलं, हे नुसतं रुसणं नव्हे, हिला तो मान खरंच हवा आहे.

त्यानंतर ताईंनी दुपारची झोप सोडली. संसदेच्या साइटवर जाऊन कंत्राटी कामगारांच्या त्या विधेयकाची चर्चा शोधून काढली आणि शेवटपर्यंत वाचली. एका दुपारी चष्मा कपाळावर चढवून माझ्या दारात आल्या, चेहरा नुसता उजळलेला. म्हणाल्या, सापडली. मी विचारलं, काय सापडलं? तर म्हणे, तिची चूक.

चूक खरीच होती. गौरीनं बघितलं होतं, की त्या दिवशी खासदार सभागृहात हजर होते आणि विधेयक मंजूर झालं. त्यावरून ती धरून चालली, की मत बाजूनंच पडलं असणार. पण विधेयक आवाजी मतदानानं मंजूर झालेलं. म्हणजे बाजूच्यांनी हो म्हणायचं, विरोधातल्यांनी नाही म्हणायचं, आणि अध्यक्षांनी आवाजावरून ठरवायचं. कुणी मतविभागणी मागितली तरच कोणाचं मत कुठे गेलं याची नोंद होते. इथे ती झालीच नव्हती. मी म्हटलं, ताई, वर जाऊन तिला एकटीला सांगा. त्यांनी माझ्याकडे असं बघितलं, जशी काही मी गौरीची सख्खी बहीणच आहे.

रविवारी पार्किंगमध्ये खुर्च्या मांडून मीटिंग झाली. सेक्रेटरी जयवंतभाऊंनी गौरीचं नाव घेतलं आणि ताई उठल्या. सगळं सविस्तर सांगितलं, अगदी फळ्यापुढे उभं राहून सांगावं तसं. गौरीचा चेहरा उतरला. तिनं मोबाईल काढून पुन्हा बघितलं आणि हळूच म्हणाली, चुकलं माझं. वाल्मिकनं मान खाली घातली. मला वाईट वाटलं, पण ताई आता थांबणाऱ्या नव्हत्या.

"खासदारांना एकच विचारायचं," ताई म्हणाल्या. "आवाजी मतदानात तुमचा आवाज कुठल्या बाजूला होता? आपल्या मतावर निवडून आलेल्या माणसाला हे विचारायचा आपल्याला हक्क आहे."

टाळ्या पडल्या. गौरीच म्हणाली, मग ताईंनीच जावं. काय सांगू, त्या क्षणी ताई दहा वर्षांनी लहान दिसल्या.

सुकदेवकाका मागे बसले होते. निवडणुकीच्या दिवशी शाळेबाहेर टेबल टाकून यादीतली नावं शोधायची आणि मतदारांना चिठ्ठ्या लिहून द्यायच्या, हे त्यांचं वर्षानुवर्षांचं काम. माणूस भोळा, मनात काही नाही.

"ताई, तुमची चिठ्ठी मी कधी लिहिल्याचं आठवत नाही," ते म्हणाले. "तुमचं मत कुठे असतं?"

ताई म्हणाल्या, "राजापूरला."

आमच्यातल्या कितीतरी जणांचं असंच आहे. घर इथे, रेशन इथे, मुलं इथली, आणि मत गावाला. तिकडचं नाव काढलं तर भाऊबंद म्हणतील, ही आता आपली राहिली नाही. म्हणून नाव तिकडेच ठेवायचं, आणि मतदानाला जाणं तर क्वचितच. गौरीनं मात्र आल्या वर्षीच आपलं आणि वाल्मिकचं नाव इकडच्या यादीत आणून घेतलं होतं. आपल्या मतावर निवडून आलेला माणूस, हे ताईंचेच शब्द अजून सगळ्यांच्या कानात होते. जयवंतभाऊ चाचरत म्हणाले, तिथे त्यांनी हेच विचारलं तर कसं दिसेल? ताई खाली बसल्या, आणि जायचं पुन्हा गौरीचंच ठरलं.

संध्याकाळी गौरी ताईंच्या दारात आली. प्रश्न तुमचाच विचारते, नीट सांगा, म्हणाली. ताईंनी तिला आत या म्हटलं नाही. पण उंबऱ्यातच उभं करून तो प्रश्न वर्गातल्या पोरीसारखा पुन्हा पुन्हा म्हणून घेतला.

कार्यक्रमाच्या दिवशी गौरी जाताना ताई गॅलरीत होत्या. साडी तरी बरी नेसायची, एवढंच म्हणाल्या. दुपारी ग्रुपवर गौरीचा मेसेज आला. प्रश्न आमच्या सुनंदाताईंचा आहे, असं तिनं तिथे माइकवर सांगितलं होतं. आणि खासदारांनी सरळ उत्तर दिलं होतं, की माझा आवाज बाजूनं होता.

ताईंनी तो मेसेज दोनदा वाचला. म्हणाल्या, "म्हणजे तिचं खरंच निघालं." मी निघाले, तशी मागून हाक आली.

"मृणाल, सुकदेवला विचार, राजापूरचं नाव इकडे आणायला काय करावं लागतं. मी विचारलंय म्हणून सांगू नकोस."