सितारामांनी वाळवलेला मका

नावड्याच्या पलीकडे, निखिल सावंत यांच्या पोल्ट्रीत सिताराम घरत कोंबड्यांना खाद्य घालतात. त्याआधीचं अर्धं आयुष्य मिठागरात गेलं. मिठागर बुजवून तिथे वसाहत झाली. आता ते आणि त्यांची बायको केशरबाई शेडला लागून असलेल्या खोलीत राहतात. कंबर धरते, पोती अजून तेच उचलतात.

गेल्या महिन्यात त्यांच्यावर चोरीचा संशय आला. खाद्य नेहमीसारखं संपत होतं आणि पक्ष्यांचं वजन वाढत नव्हतं. कामोठ्याहून येणारे निखिल रोज पोती मोजू लागले. तोंडावर काही बोलले नाहीत. बोलले असते तर उत्तर तरी देता आलं असतं, असं केशरबाईंचं म्हणणं.

पशुवैद्य क्षिप्रा जोशी आल्या. एक आजारी पक्षी उघडून त्यांनी आतड्याचे तुकडे आणि खाद्यातला थोडा मका तपासायला नेला. या मंगळवारी त्या निकाल घेऊन परत आल्या.

"खाद्य पक्ष्यांच्याच पोटात जातंय, पण अंगी लागत नाही," त्या म्हणाल्या. "आतड्याला आतून मखमलीसारखी लव असते. अन्नातलं सत्त्व तीच शोषते. ती झडून आखूड झालीय. मक्यात बुरशीचं विष आहे."

सितारामांनी मान वर केली. "म्हंजे चोरी नाय."

"चोरी नाही. पण हा मका कधी भिजला होता का?"

भिजला होता. गोदामाचा पत्रा गळला होता. मालकाचं नुकसान नको म्हणून सितारामांनी कुणाला न सांगता तो अंगणात पसरला, चाळला, कडकडीत वाळवला. मीठ, सुकट, गोधड्या, सगळं त्यांनी जन्मभर उन्हाच्याच भरवशावर ठेवलं होतं. आता गप्प राहिले असते, तर खापर मका विकणाऱ्या व्यापाऱ्यावर फुटलं असतं.

"मीच वालवला," ते म्हणाले. "उन्हात बुरशी मरते."

"बुरशी मरते, काका. तिनं सोडलेलं विष दाण्यात तसंच राहतं."

निखिल एका पोत्यावर बसले. "चोरलं असतंत ना काका, तरी स्वस्तात पडलं असतं."

"मंग अडानी बोल शेट, चोर नको बोलू."

"मी कधी चोर म्हटलं?"

"रोज पोती मोजतोस ती काय आरती करायला?" केशरबाई दारातून म्हणाल्या.

निखिल यांनी कपाळ चोळलं. "बरं. तुम्ही चोरी केली नाही. झालं?"

"परत बोल. हिला ऐकू नाय आलं."

केशरबाईंचे कान शाबूत आहेत. निखिल यांना तेही ठाऊक होतं. त्यांनी ते वाक्य पुन्हा, जरा मोठ्याने उच्चारलं. मग उरलेला मका पुरण्यासाठी जागा दाखवायला ते उठले आणि सिताराम कंबरेवर हात ठेवून त्यांच्यामागे गेले.