नानांनी निवडलेला बोर्ड
सोल्डरिंगचा धूर नाकात गेला की मला पिंप्राळ्याच्या घरातला तो उन्हाळा आठवतो. आई गेल्यावर गप्प झालेल्या माझ्या वडिलांनी, आमच्या नानांनी, काळ्या पट्टीवरून चालणारा छोटा रोबोट करायला घेतला होता. एका बोटाने टाइप करत त्यांनी त्याचा प्रोग्राम लिहिला, आणि बॅटरीच्या तारा उलट लागून रोबोटचा मेंदू असलेला मायक्रोकंट्रोलरचा बोर्ड जळाला. तसा बोर्ड जळगावात कुठेच मिळेना. शेवटच्या दुकानात दोन पर्याय निघाले: एक नवा, वेगवान, वायफायवाला, दुसरा बोटाएवढा, पण चिप जळालेल्या बोर्डाच्याच जातीची. "नाना, वेगवान घ्या, पुढे कामाला येईल," मी म्हणाले. नाना दुकानदाराकडे वळले. "भाऊ, मी लिहिलेलं बठ्ठं, पूर्ण प्रोग्राम, कोणत्यात चालेल?" त्याने छोटा पुढे सरकवला. "मग हाच द्या." घरी तारा पुन्हा जोडून आम्ही कूलरसमोरच्या फरशीवर चिकटपट्टीचं वळण काढलं. रोबोट डगमगला, वळला आणि पट्टी न सोडता पुढे निघाला. नाना त्याच्यामागे रांगत जात होते, मोठ्याने हसत होते. आता माझ्या रोबोटिक्सच्या वर्गात कुणी विचारलं, "मॅडम, सगळ्यात भारी बोर्ड कोणता?" तर मी म्हणते, "आधी तू काय लिहिलंयस ते दाखव."