नवसाचा घड

बायको गेल्यावर आमच्या दारापुढच्या बल्कांवावर, म्हणजे बसायच्या ओट्यावर, येऊन बसलेल्या प्रत्येकाने मला एकच वाक्य ऐकवलं, "देव करता तें बऱ्याक." चहा पिऊन, बशीतली बिस्किटं संपवून ऐकवलं. पुढेपुढे मी चहा विचारणंच सोडलं. ज्याची बायको घरी जेवायची वाट बघते आहे, त्याला देवाची बाजू घ्यायला काय जातं? मी पेडण्याचा माणूस, तोंडावर बोलतो. एकाला विचारलंच, "तुमच्या घराक करता काय असां बरें?" तो पुन्हा आला नाही. पीडा गेली.

इस्पितळात ती शेवटीशेवटी घरी न्यायचा एकच हट्ट धरून होती, "माका घराक व्हरा." तिथला चहा तिला पाणचट लागायचा, पाव चिवट. डॉक्टर नकाराची मान हलवायचे. मग तिनेच मला कोरगावच्या आमच्या देवळात नवस बोलायला पाठवलं. आमच्याकडे पुजारी देवापुढे नारळ ठेवून गाऱ्हाणं घालतो आणि जमलेल्यांनी त्याच्या प्रत्येक वाक्यामागे "व्हय म्हाराजा" म्हणायचं असतं. पुजारी तिच्या बरं होण्याचं मागायला निघाला. म्हणाला, "बरी जावं दी म्हणान सांगूया."

"न्हय," मी म्हटलं. "ती म्हणता घराक येवं दी. तितलांच सांगा."

बदल्यात तिने घरामागच्या परड्यात लावलेल्या केळीचा पहिला घड कबूल केला. केळ तेव्हा जेमतेम गुडघ्याएवढी होती.

आणि ती घरी आली. मागच्या दारी खुर्ची टाकून बसली. मासेवालीशी बांगड्यांवरून भांडली. धुण्याचं पाणी केळीच्या बुंध्याशी जातं की नाही ते वाकून पाहिलं आणि जात नाही म्हणून मला मूर्ख ठरवलं. घरात पुन्हा आवाज आला. मग एके दुपारी जरा पडते म्हणाली, ती उठलीच नाही. डिचोलीचा तिचा धाकटा भाऊ रविवारी भेटायला येणार होता. तो आला तो खांदा द्यायलाच.

वर्ष उलटलं आणि केळीचा घड भरला. मेव्हणा नेमका त्याच दिवशी आलेला. घड कुठे चाललाय हे कळल्यावर त्याने कोयता धरून ठेवला.

"देवान फसयलां आमकां, भावजी. घड गोरवांक घाला."

"ती घराक इल्ली."

"इली आनी गेली."

मी कोयता हिसकावून घेतला. देवावरचा माझा राग त्याच्याहून तसूभरही कमी नव्हता. पण शब्द तिचा होता, आणि तिचा शब्द मी गोठ्यात टाकणार नव्हतो. घड एकट्याला पेलवेना. त्याने शिव्या पुटपुटत दुसरं टोक उचललं. केळीच्या चिकाचे डाग त्याच्या इस्त्रीच्या शर्टावर पडले तेव्हा मला बरं वाटलं.

देवळात आम्ही दोघंच होतो. पुजाऱ्याने नारळ ठेवून सुरुवात केली, "बा देवा म्हाराजा, ह्या तुझ्या लेकरान बायल घराक येवं दी म्हणान सांगणां केल्लां. ती घराक इली."

आणि तो थांबला. आता आमची पाळी होती. एवढंच दिलंस, असं त्या गाभाऱ्यात ओरडावंसं वाटत होतं. पुजारी मान खाली घालून वाट बघत राहिला. मग माझ्या ध्यानात आलं, आपण गप्प राहिलो तर ती मागच्या दारी बसलीच नव्हती, मासेवालीशी भांडलीच नव्हती, असं होईल. तिचं घरी येणं मीच खोटं पाडीन.

"व्हय म्हाराजा," मी म्हटलं. गुरगुरल्यासारखं, पण म्हटलं. मेव्हण्याने तोंड फिरवलं.

"फुडें किदें मागूं?" पुजाऱ्याने विचारलं.

"कांय नाका."

देवाने दिलं त्याचे उपकार मानले होते. आणखी त्याच्याशी बोलायची माझी इच्छा नव्हती.

मेव्हणा माझ्याबरोबर परत आला. घरी बल्कांवावर बसल्यावर, शर्टावरचा डाग नखाने खरवडत म्हणाला, "भावजी, घराक इली त्या दिसा तिणां किदें खाल्लां?"

"पेज," मी सांगितलं. "आनी आंब्याच्या तोराचां लोणचां. दोनदां मागून घेतलां."

तो रडायला लागला. मी आत जाऊन चहा ठेवला.